तलवारीची परीक्षा कशावर घ्यावी?

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळांचे पथक आले की रस्त्याच्या दुतर्फा उभा असलेला जनसमुदाय आपोआप पुढे सरकतो. लाठी, बोथाटी आणि फरीगदग्याचे हात दाखवून झाले, की अखेरीस पट्टेकरी रिंगणात उतरतो. सहकाऱ्याच्या तळहातावर लिंबू ठेवले जाते, पट्टा क्षणार्धात फिरतो आणि लिंबाची दोन शकले होऊन जमिनीवर पडतात. टाळ्यांचा कडकडाट होतो. परंतु या प्रसंगी परीक्षा नेमकी कोणाची झाली? पट्ट्याच्या धारेची, पट्टेकऱ्याच्या हाताची, की तळहात निमूटपणे पुढे करणाऱ्याच्या धैर्याची?

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. वस्तुतः तलवारीच्या छेदनपरीक्षेचे सारे शास्त्र त्यातच सामावलेले आहे. तलवार कशावर चालवून पाहावयाची, म्हणजेच लक्ष्य कोणते निवडावयाचे, यावर त्या परीक्षेतून कोणते ज्ञान मिळणार हे अवलंबून असते. लक्ष्य चुकले तर उत्तम तलवार निकृष्ट ठरते, कच्चा हात तरबेज भासतो, आणि प्रसंगी पाते तुटून किंवा निसटून माणूस जायबंदी होतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. या जुन्या विद्येकडे तरुण मुलामुलींचा ओढा वाढत असताना, लक्ष्याच्या निवडीचा विचार आपल्याकडेही नीटपणे होणे अगत्याचे आहे.

तीन वेगवेगळे प्रश्न

छेदनपरीक्षेत तीन निरनिराळ्या गोष्टी तपासल्या जातात आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच बहुतेक चुका होतात. पहिली गोष्ट म्हणजे पात्याची धार. दुसरी, पात्याची घडण व ताकद, म्हणजे आघात सोसूनही ते न वाकणे, न मोडणे आणि धारेचा टवका न उडणे. तिसरी गोष्ट तलवार धरणाऱ्याचा हात.

धार तपासावयाची तर लक्ष्य हलके आणि मऊ हवे. दोऱ्याने टांगलेल्या लिंबाचे उदाहरण घ्या. घोडदौडीतील टेंट पेगिंग या खेळात स्वार भरधाव घोड्यावरून असे टांगलेले लिंबू तलवारीने छेदतो. लिंबास मागून कसलाही आधार नसतो. त्याचे स्वतःचे वजन एवढाच काय तो विरोध. पाते बोथट असेल किंवा वेग कमी पडला, तर लिंबू कापले न जाता नुसतेच झोका घेते. याउलट पात्याची ताकद तपासण्यास लिंबू सर्वस्वी निरुपयोगी आहे. भुसभुशीत लोखंडाचे पातेही चांगली धार लावली तर लिंबू कापते.

सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टॅलिस्मन’ या कादंबरीत हाच भेद एका काल्पनिक प्रसंगातून मांडलेला आहे. राजा रिचर्ड आपल्या जड तलवारीने लोखंडी दांडा तोडतो, तर सलाउद्दीन आपल्या वक्र तलवारीने मऊ उशी आणि तलम वस्त्र छेदून दाखवितो. कोणाची तलवार श्रेष्ठ, असा वाद पुष्कळ वाचकांनी घातला असेल. खरे पाहता दोघांनी दोन वेगवेगळ्या परीक्षा दिल्या. दोहोंचे गुण एका फळ्यावर लिहिता येत नाहीत.

हात तपासावयाचा असेल, तर लक्ष्य मध्यम विरोध करणारे, सर्वत्र सारखे आणि पुन्हा पुन्हा तसेच तयार करता येण्याजोगे असावे लागते. अशा लक्ष्याचा शोध अत्यंत चिकाटीने घेतला तो जपानी लोकांनी.

जपानमधील तामेशिगिरी

जपानी भाषेत छेदनपरीक्षेस ‘तामेशिगिरी’ म्हणतात. तोकुगावा राजवटीच्या काळात ती प्रामुख्याने तलवारीची परीक्षा होती आणि तिचे स्वरूप आज अंगावर शहारा आणणारे वाटते. मृत्युदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर तलवारी चालवून पाहण्यात येत. यामादा आसाएमोन हे नाव वंशपरंपरेने धारण करणाऱ्या घराण्याकडे हे काम होते. परीक्षेचा निकाल पुष्कळदा पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या भागावर सोन्याच्या अक्षरांत कोरला जाई. अशा परीक्षांच्या आधारे लोहारांची प्रतवारी करणारा ‘काइहो केन्जाकु’ हा ग्रंथ १७९७ साली प्रसिद्ध झाला.

त्यामागील तर्क सरळ होता. तलवार माणसावर चालावयाची, म्हणून परीक्षाही मानवी देहावरच. मात्र मेइजी काळात परिस्थिती पालटली. १८७६ साली सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी झाली. शिरच्छेदाची शिक्षाही त्यानंतर थोड्याच वर्षांत संपुष्टात आली. प्रेतांवरील परीक्षा इतिहासजमा झाली आणि गवत, पेंढा व बांबू ही लक्ष्येच तेवढी उरली.

या संक्रमणकाळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १८८७ साली सम्राट मेइजी यांच्यासमोर पोलादी शिरस्त्राणावर वार करण्याचा प्रयोग झाला. तीन नामांकित तलवारबाजांनी त्यात भाग घेतला. त्यांपैकी केवळ साकाकिबारा केन्किची यांची तलवार शिरस्त्राण छेदू शकली, इतर दोघांना यश आले नाही. या पराक्रमाची कथा आजही सांगितली जाते. परंतु त्यातून निघणारा दुसरा बोध क्वचितच सांगितला जातो. तीन निष्णात पुरुषांपैकी दोघे जेथे अयशस्वी ठरतात, ते लक्ष्य सरावाचे असूच शकत नाही. त्यात पाते, हात आणि योगायोग यांचा वाटा वेगळा करून दाखविता येत नाही.

विसाव्या शतकात हाताचा सराव हाच छेदनाचा मुख्य हेतू ठरला. जपानी लष्कराच्या तोयामा प्रशाळेत १९२५ साली तलवारीचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या परंपरेतून पुढे आलेल्या नाकामुरा ताइसाबुरो (१९१२–२००३) या आचार्यांनी छेदनाच्या सरावाचा मोठा पुरस्कार केला. आज जगभर प्रचलित असलेली भिजवलेल्या चटईची पद्धती याच वातावरणात रुजली.

भिजवलेली चटई

जपानी घरांतील बैठकीच्या जाड गादीस ‘तातामी’ म्हणतात. तिचे वरचे आवरण इगुसा नावाच्या, लव्हाळ्यासारख्या दिसणाऱ्या पाणगवतापासून विणलेले असते. हे आवरण सुमारे १.८ मीटर लांब व ०.९ मीटर रुंद भरते. ते घट्ट गुंडाळून दोरीने ठिकठिकाणी बांधतात, साधारणपणे दिवसभर पाण्यात बुडवून ठेवतात आणि नंतर निथळून लाकडी खुंटीवर उभे करतात. अशा रीतीने सुमारे ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा खांब तयार होतो.

चटई भिजवावी का लागते? कोरडे गवत लवचीक आणि निसरडे असते. धार त्यावरून घसरते आणि गवताचे धागे कापले जाण्याऐवजी वाकतात. पाणी मुरले की धागे मऊ होतात, गुंडाळीला वजन येते आणि वाराखाली ती सहजासहजी पळत नाही. ओल्या गुंडाळीचा विरोध मांसल अवयवाच्या विरोधाशी मिळताजुळता असतो, तर तिच्या मध्यभागी हिरव्या बांबूचा तुकडा घातल्यास तो हाडाची जागा घेतो, असे परंपरेने मानले जाते. कोरड्या धाग्यांच्या घर्षणाने धार लवकर मरते, तेही ओलाव्यामुळे कमी होते.

चटईचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचा एकसारखेपणा. एकाच विणीच्या दहा चटया सारख्याच वेळ भिजविल्या, तर दहाही खांब जवळजवळ सारखेच तयार होतात. म्हणून आज घेतलेला वार कालच्या वाराशी ताडून पाहता येतो. परीक्षेचा हा पहिला नियम आहे. तलवारींची तुलना करावयाची असेल तर हात आणि लक्ष्य तेच ठेवावे, तसेच हाताची प्रगती पाहावयाची असेल तर तलवार आणि लक्ष्य तेच ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गुंडाळीची जाडी, ती किती तास भिजली आणि वाराचा कोन यांची वहीत नोंद ठेवल्यास काही महिन्यांतच तिचे मोल कळून येते.

बांबू आणि पेंढा

बांबूचे धागे उभे, लांबीच्या दिशेने असतात. म्हणून आडव्या वारापेक्षा तिरपा वार बांबूत अधिक सहजपणे शिरतो. तिरप्या वारात पाते धाग्यांच्या मधून वाट काढते आणि पाचरीसारखे त्यांना दूर सारते. पेऱ्यावर वार केल्यास विरोध एकदम वाढतो, यास्तव दोन पेऱ्यांच्या मधील भाग लक्ष्य म्हणून धरावा.

बांबू ताजा, हिरवा आणि पोकळ असावा. वाळलेला बांबू अत्यंत कठीण होतो. त्यावर धारेचे टवके उडतात आणि बांबूच्या तीक्ष्ण चिरफळ्या उडून डोळ्यांस इजा होऊ शकते. आपल्याकडे लाठीसाठी वापरला जाणारा भरीव बांबू किंवा कोकणातील जवळजवळ भरीव असा माणगा या कामास योग्य नव्हे. ज्याचा हात चटईवर स्थिर झालेला नाही, त्याने बांबूकडे वळूच नये. चटईवरील चुकीच्या वाराची शिक्षा वाकडा काप एवढीच असते, बांबूवरील चुकीच्या वारात मात्र पातेच वाकते.

भाताच्या पेंढ्याची घट्ट बांधलेली व भिजविलेली मोळी हे जपानमध्ये चटईच्याही आधीपासून वापरात असलेले लक्ष्य आहे. आपल्या भातपट्ट्यात ते विनासायास मिळते. मात्र भाताच्या पेंढ्यात वाळूचाच घटक असलेली सिलिका पुष्कळ प्रमाणात असते. तिच्यामुळे पात्यावर बारीक ओरखडे उठतात आणि धार झिजते. सरावाच्या पात्यास ते चालेल, जतन करावयाच्या पात्यास नाही.

चिखल, नमदा आणि कागद

लक्ष्याची निवड हा केवळ जपानी विचार आहे असे नव्हे. इजिप्तमधील मामलूक घोडेस्वारांच्या शिक्षणाची माहिती चौदाव्या शतकातील ‘निहायत अस्-सूल’ या अरबी ग्रंथात मिळते. त्या शिक्षणात नवशिक्याला प्रथम मळलेल्या मातीच्या ढिगावर वार करावयास लावीत. पुढे मातीवर नमद्याचे थर चढविले जात. त्याहीपुढची पायरी मोठी मार्मिक होती. कागदाच्या चवडीवर वार करून ठरविलेलेच कागद कापावयाचे आणि खालचे कागद अबाधित ठेवावयाचे. घोड्यावरून दौडताना उभे केलेले हिरवे बोरू छाटण्याचाही सराव असे.

येथे मातीने बळ वाढविले, नमद्याने धारेचा उपयोग शिकविला आणि कागदाने संयम शिकविला. वार कोठवर न्यावयाचा हे कळणे, तो कसा करावयाचा हे कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तळहातावरचे लिंबू ज्या कौशल्याची ग्वाही देते ते हेच. पण मामलूकांचे शिक्षक ते कागदावर तपासत होते, माणसाच्या हातावर नव्हे.

टाळावयाची लक्ष्ये

नारळ हे आपल्याकडे लोकप्रिय लक्ष्य आहे. त्याची करवंटी गोल आणि टणक असते. वार किंचित चुकला तरी पाते घसरते व कोठेही जाते. धारेचा टवका उडण्याचा संभव वेगळाच. लाकडी ओंडका, जनावराचे हाड आणि धातूची पत्री यांवर तलवार चालविणे म्हणजे कुऱ्हाडीचे आणि छिन्नीचे काम तिच्याकडून करून घेणे होय.

रद्दी वर्तमानपत्रांची भिजवलेली गुंडाळी स्वस्त पडते, परंतु कागदात मिसळलेल्या खनिज भुकटीमुळे धार फार लवकर जाते. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली नवशिक्यास काही प्रमाणात उपयोगी पडते. वार सरळ असेल तर बाटलीचा खालचा भाग जागेवर उभा राहतो, वाकडा असेल तर बाटली उडून जाते. मात्र सरावानंतर मागे उरणाऱ्या कचऱ्याचा विचार करता तिचा वापर मर्यादितच असावा.

केळीचा खांब

महाराष्ट्रात छेदनाच्या सरावासाठी सर्वांत सुलभ असे लक्ष्य आपल्या शेतातच उभे आहे. केळीचे झाड एकदाच फळते. घड उतरविला की तो खांब तोडावाच लागतो. केळीसाठी देशभर प्रसिद्ध असलेल्या जळगाव जिल्ह्यात तर असे खांब मोठ्या संख्येने निघतात. त्यांतील थोडे आखाड्याकडे वळविणे सहज शक्य आहे.

केळीचा खांब हे खरे खोड नव्हे. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळले जाऊन तो तयार होतो आणि त्यात बहुतांश पाणीच असते. चटई गुंडाळून आणि भिजवून जे साधावे लागते, ते येथे निसर्गाने आयतेच करून ठेवलेले आहे. त्यात कठीण गाभा नसल्यामुळे पात्यास इजा पोहोचत नाही, चिरफळ्या उडत नाहीत आणि कापलेले तुकडे खताच्या खड्ड्यात टाकता येतात.

त्याच्या उणिवाही लक्षात घ्याव्यात. खांब फार मऊ असल्याने काहीसा वाकडा वारही त्यातून पार होतो आणि शिकणाऱ्यास आपला हात तयार झाल्याचा भ्रम होतो. म्हणून ही पहिली पायरी समजावी. पुढची पायरी लव्हाळ्याच्या किंवा तत्सम गवताच्या भिजवलेल्या चटईची आणि त्यानंतरची हिरव्या, पोकळ बांबूची. केळीचा चीक कपड्यावर जसा डाग पाडतो तसाच तो पोलादासही काळवंडवितो. सराव संपताच पाते स्वच्छ पाण्याने पुसून, कोरडे करून त्यास तेलाचा हात द्यावा.

कापाचे वाचन

लक्ष्य कापले गेले म्हणजे परीक्षा संपली असे नाही. जाणता शिक्षक जमिनीवर पडलेला तुकडा उचलून पाहतो. कापलेला पृष्ठभाग सपाट व गुळगुळीत असेल, तर पात्याची पातळी आणि वाराची दिशा एकच होती असे समजावे. पृष्ठभाग खोलगट झाला असेल, तर वाराच्या मध्येच मनगट वळले. पाते अर्ध्यात अडकले, तर धार वाराच्या दिशेशी तिरपी लागली असावी किंवा वेग कमी पडला असावा. लक्ष्य न कापता उडून पडले, तर पात्याने छेदण्याऐवजी ढकलले. पलीकडच्या बाजूचे धागे तुटावयाचे राहिले, तर हात लवकर थांबला किंवा धार मंद झाली. काप उत्तम पडूनही तलवार जमिनीला टेकली, तर वार आवरण्याची सवय अजून लागावयाची आहे.

धारेविषयीची एक जुनी हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. कॅप्टन नोलन या इंग्रज अधिकाऱ्याने घोडदळावरील आपल्या १८५३ सालच्या ग्रंथात निजामाच्या स्वारांच्या तलवारींचे वर्णन केले आहे. त्या तलवारींनी केलेल्या भयंकर जखमांचा अहवाल पाहून त्याने चौकशी केली, तेव्हा ती पाती बहुतांशी इंग्रज फौजेनेच टाकून दिलेली जुनी पाती असल्याचे आढळले. स्वारांनी त्यांना वस्तऱ्यासारखी धार लावली होती. ती लाकडी म्यानात ठेवली जात आणि प्रत्यक्ष लढाईखेरीज बाहेर काढली जात नसत. इंग्रज स्वारांच्या लोखंडी म्यानांत मात्र धार घासून मरत असे. म्हणून छेदन नीट होत नसेल, तर हातास किंवा पात्यास दोष देण्यापूर्वी धार आणि म्यान तपासावे.

घ्यावयाची दक्षता

लक्ष्य उभे करण्याचे आसन रुंद व जड असावे. त्याची खुंटी लाकडाचीच असावी. लोखंडी सळईवर पाते आदळले की धार गेलीच म्हणून समजावे. वार करणाऱ्याच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंस कोणी उभे राहू नये. प्रत्येक वारापूर्वी मूठ हलते काय, पात्यास तडा गेला आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या चकचकीत तलवारींचे पाते मुठीत नावापुरतेच बसविलेले असते. अशा तलवारीने कशावरही वार करू नये.

घराण्यात जतन केलेल्या जुन्या तलवारींबाबत तर विशेष सावधगिरी हवी. आपल्याकडील तलवारींचे पाते मुठीत बहुधा लाखेसारख्या चिकट द्रव्याने बसविलेले असते. काळाच्या ओघात ते ठिसूळ होते आणि जोरकस वारात पाते मुठीतून निसटून प्रेक्षकांत जाऊ शकते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी तलवार हा ऐतिहासिक ठेवा आहे. तिच्यावर पडलेला टवका कोणताही कारागीर भरून काढू शकत नाही. अशा शस्त्राची पूजा करावी, अभ्यास करावा, पण त्यावर सराव करू नये. धारदार शस्त्र बाळगणे व वापरणे यांबाबत शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांतील तरतुदी लागू असल्याने, आखाड्यांच्या चालकांनी आपल्या पोलिस ठाण्याकडून त्या आधी समजून घेणे आवश्यक आहे.

तळहाताऐवजी

आता पुन्हा त्या लिंबाकडे वळू. पट्टेकऱ्याचे कौशल्य लोकांसमोर यावे यात गैर काहीच नाही. परंतु तळहातावरील लिंबू कापले गेल्याने धारेविषयी वा पात्याविषयी आपणांस काहीच नवे कळत नाही. वार कोठे थांबतो एवढेच कळते, आणि तेवढ्यासाठी एका माणसाचा हात पणास लावला जातो. त्याऐवजी तेच लिंबू केळीच्या आडव्या खांबावर ठेवावे. वारानंतर लिंबू बाजूस सारून खांब प्रेक्षकांना दाखवावा. त्याच्या सालीवर ओरखडाही उमटलेला नसेल, तर पट्टेकऱ्याचा संयम सर्वांसमक्ष सिद्ध झाला. उमटला असेल, तर त्याने उद्या पुन्हा सरावास यावे.

तळहातावर उमटलेल्या ओरखड्याला ही सवलत नसते. आपल्या आखाड्यांतून शिकणारी मुले-मुली या विद्येचे उद्याचे वारस आहेत. त्यांचे हात शाबूत राहिले तरच ती पुढे जाणार आहे.